दर सकाळी ॲडमिनचा पासवर्ड मागणारा प्रोग्रॅम: साध्या खात्यावर काम चालू कसं ठेवायचं

देवगडकडच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमधली एप्रिलमधली संध्याकाळ. गाडी वाशीला सुटायची आहे, पाच डझनी पेट्या चढल्यात, चलन छापायचं तेवढं राहिलंय. काउंटरवरचा पोरगा बिलिंगच्या आयकॉनवर डबल क्लिक करतो, पडदा काळवंडतो आणि चौकट येते: ॲडमिनचा पासवर्ड द्या. मालक बागेत, आणि बागेत रेंज नाही. फोन लागलाच तर, "अण्णानू, परत पासवर्ड मागता हा." पहिल्या दिवशी मालक स्वतः येऊन पासवर्ड टाकतो, दुसऱ्या दिवशी फोनवर सांगतो, तिसऱ्या दिवशी तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला जातो. आठवड्याभरात कोणीतरी पोराचं खातंच ॲडमिन, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेलं, करून देतं. त्यानंतर दलालाच्या पट्टीचे फोटो घेऊन येणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हला अख्खं मशीन मोकळं.

खाली लिहिलंय ते विंडोज १० आणि ११ साठी आहे. कमांड आणि मेनूची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी कीबोर्डवर करायचं.

आधीच सांगून ठेवतो: रोज ॲडमिन मागणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला बहुतेक वेळा ॲडमिन लागतच नसतो. त्याला कुठल्यातरी एका फोल्डरमध्ये लिहायचं असतं आणि तिथे साध्या खात्याला परवानगी नसते. तो फोल्डर शोधून तेवढाच उघडा केला की पासवर्डचा विषय संपतो. खरोखर ॲडमिन लागणारी कामं वेगळी आणि थोडी; ती शेवटाकडे घेतली आहेत.

चौकट दोन प्रकारची असते

ही चौकट म्हणजे यूझर अकाउंट कंट्रोल. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टाबरोबर आली आणि तेव्हापासून लोकांनी तिला शिव्या घातल्या. खातं ॲडमिन असेल तर ती फक्त 'यस' आणि 'नो' विचारते. खातं साधं असेल तर दुसऱ्या कोणाचं तरी, म्हणजे ॲडमिन खात्याचं, नाव आणि पासवर्ड मागते.

वरवर फरक एवढाच वाटतो, पण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. साध्या खात्यावरून पासवर्ड टाकून उघडलेला प्रोग्रॅम त्या दुसऱ्या खात्याचा होऊन चालतो. पडद्यावर लॉगिन पोराचं आहे, पण प्रोग्रॅमच्या मते तो मालकाच्या घरात बसलाय. मग असं होतं:

'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्ह केलेली फाइल पोराला सापडत नाही, कारण ती मालकाच्या डॉक्युमेंट्समध्ये गेली. डिफॉल्ट प्रिंटर वेगळाच येतो, कारण डिफॉल्ट प्रिंटर प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. यूएसबीचा लेबल प्रिंटर निदान यादीत तरी दिसतो, पण नेटवर्कवरून जोडलेला शेअर्ड प्रिंटर यादीतूनच गायब असतो. झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला ऑफिसचा फोल्डर सापडत नाही. सेतू किंवा ई-सेवा केंद्रात डिजिटल सहीची कांडी खोचलेली असते, पण सही करणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत प्रमाणपत्र दिसत नाही, कारण विंडोज प्रमाणपत्रंही खात्यागणिक वेगळी ठेवते.

आपल्याकडचा खास नमुना फाँटचा. २०१८ च्या शेवटाकडच्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये साधं खातंही फाँट बसवू शकतं, पण तो फक्त त्या खात्यापुरता बसतो. पोराने मराठी बिलासाठी फाँट बसवला, प्रोग्रॅम मात्र मालकाच्या पासवर्डने उघडला, की त्या प्रोग्रॅमला तो फाँट दिसत नाही आणि छापील चलनावर 'हापूस'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. प्रिंटर बदलून, ड्रायव्हर काढून-घालून काही होत नाही. फाँटच्या फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स' निवडा, एकदाच पासवर्ड द्या, झालं.

ॲडमिन म्हणून चाललेल्या खिडकीत साध्या खिडकीतून फाइल ओढून टाकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. माउस बिघडलेला नसतो. कमी हक्काच्या प्रोग्रॅमने जास्त हक्काच्या खिडकीला संदेश पाठवू नये म्हणून विंडोजने मुद्दाम घातलेली आडकाठी आहे ती. जुन्या मराठी टायपिंग पॅकेजची कीबोर्ड इंजिनंही याच कारणाने अडतात: नोटपॅडमध्ये मराठी उमटतं, ॲडमिन म्हणून उघडलेल्या डीटीपीच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजीच. इंजिनालाही ॲडमिन करणं हा उपाय नव्हे. डीटीपीचा प्रोग्रॅम साध्या हक्काने चालवणं हा उपाय.

पासवर्ड का मागतोय ते आधी बघा

कारणं चार, आणि तपासायला पाच मिनिटं पुरतात.

पहिलं कारण, कोणीतरी खूण करून ठेवलेली असते. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कंपॅटिबिलिटी' टॅब. 'रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर' वर टिक असेल तर काढा. टिक दिसते पण काढता येत नाही, तर ती सगळ्या खात्यांसाठी लावलेली आहे. खालच्या 'चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूझर्स' बटणातून निघेल. प्रोग्रॅम बसवून देणारे तंत्रज्ञ ही टिक सवयीने लावून जातात. शॉर्टकटच्या 'ॲडव्हान्स्ड' बटणात आणखी एक तशीच टिक असते, तीही बघा.

दुसरं, फाइलचं नाव. जुना ३२ बिटी प्रोग्रॅम असेल आणि त्याच्या नावात सेटअप, इन्स्टॉल किंवा अपडेट हे शब्द असतील, तर विंडोज त्याला इन्स्टॉलर समजून पासवर्ड मागते. 'दरअपडेट' नावाचा, रोजचे बाजारभाव भरायचा साधा प्रोग्रॅमसुद्धा या नियमात सापडतो. फाइलचं नाव बदला, चौकट गेली.

तिसरं, बनवणाऱ्यानेच प्रोग्रॅमच्या आत 'मला ॲडमिन हवा' असं लिहून ठेवलेलं असतं. आयकॉनवर छोटी ढाल दिसते ती याची. यात बरेचदा गरजेपेक्षा बनवणाऱ्याचा आळस जास्त असतो.

चौथं कारण वेगळं. यात चौकट येतच नाही, प्रोग्रॅम उघडतो आणि सेव्ह करताना 'ॲक्सेस डिनाइड' किंवा असलाच काही संदेश देऊन आपटतो. मग कोणीतरी राइट क्लिक करून ॲडमिन म्हणून उघडून बघतो, ते चालतं, आणि तीच रोजची रीत होऊन बसते. पुढच्या गोंधळाला खरी सुरुवात इथून.

सकाळची बिलं गायब: दोन वह्यांचा घोळ

हा भाग नीट वाचा, कारण यात हिशेब जातो.

समजा बिलिंगचा प्रोग्रॅम व्हीबी ६ किंवा फॉक्सप्रो या जुन्या भाषांच्या काळातला आहे, ३२ बिटी आहे, आणि आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे सी ड्राइव्हच्या 'प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६' मध्ये ठेवतो. त्या फोल्डरात साध्या खात्याला लिहायला मनाई. पण व्हिस्टापासून विंडोजने अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी एक पळवाट ठेवली आहे: प्रोग्रॅम लिहायला गेला की विंडोज गुपचूप ती फाइल त्या खात्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात लिहून ठेवते आणि प्रोग्रॅमला सांगते, झालं लिहून. पुढच्या वेळी वाचतानाही आधी तीच प्रत दाखवते.

आता पोरगा सकाळी साध्या खात्यावरून ४० पेट्यांची बिलं करतो. ती त्याच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये जातात. दुपारी प्रिंट अडकतं म्हणून मालक तोच प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून उघडतो. ॲडमिनला ही पळवाट लागू नाही, त्यामुळे त्याला मूळ फोल्डरातला डेटा दिसतो आणि त्यात सकाळचं एकही बिल नाही. मालक ती बिलं परत टाकतो. संध्याकाळी पोरगा उघडतो, त्याला सकाळची दिसतात, दुपारची दिसत नाहीत. बिल नंबर १०१ दोनदा, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना. मग व्हायरसवर खापर फुटतं. विंडोज इथे नेमून दिलेलं काम चोख करत असते, फक्त कोणाला सांगत नाही.

खात्री करायची असेल तर पोराच्या खात्यावर विंडोज आणि आर दाबून रनची खिडकी उघडा आणि टक्केचिन्हात 'लोकलॲपडेटा' लिहून, उलटी तिरकी रेघ देऊन, पुढे 'व्हर्च्युअलस्टोअर' टाका. आत 'प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६' आणि त्यात आपल्या प्रोग्रॅमचा फोल्डर दिसला, की दुसरी वही सापडली. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' (वरची पळवाट चालू आहे का) आणि 'एलिव्हेटेड' (ॲडमिनच्या हक्काने चाललाय का) हे दोन रकाने लावून घ्या. कुठला प्रोग्रॅम कुठल्या वहीत लिहितोय ते चालू असतानाच कळतं. ६४ बिटी प्रोग्रॅमला ही सोय नसते, तो सरळ आपटतो. ते एका अर्थी बरंच.

दुरुस्ती करताना हा क्रम मोडू नका:

१. सगळ्या खात्यांवरचा प्रोग्रॅम बंद करा. नुसती खिडकी मिटवून भागत नाही, टास्क मॅनेजरमध्ये नाव उरलं नाही ना ते बघा.

२. दोन्ही फोल्डर, मूळ आणि व्हर्च्युअलस्टोअरमधला, तारीख घालून पेन ड्राइव्हवर वेगवेगळे कॉपी करा. मशीनवर तीन जणांची खाती असतील तर तीन व्हर्च्युअलस्टोअर असू शकतात.

३. दोन्हीकडच्या डेटा फाइलींची 'डेट मॉडिफाइड' आणि आकार ताडून बघा. जिथे रोजचं काम झालंय ती प्रत मुख्य धरा. नवी तारीख म्हणजे पूर्ण डेटा असं मात्र नाही. मालकाने काल एकच बिल टाकलं तरी तारीख नवी होते.

४. मुख्य प्रत मूळ जागी ठेवा आणि दुसऱ्या प्रतीतली जास्तीची बिलं प्रोग्रॅममधून हाताने भरा. दोन डेटाबेस फाइली फाइल पातळीवर एकत्र करायला जाऊ नका. मुख्य फाइल आणि तिची इंडेक्स फाइल, म्हणजे अनुक्रमणिका, वेगवेगळ्या प्रतींतली झाली तर प्रोग्रॅम उघडेल, पण शोधलेलं बिल भलतंच दाखवेल.

५. पुढच्या भागातली परवानगी द्या, आणि ती दिल्यावरच व्हर्च्युअलस्टोअरमधला तो फोल्डर नाव बदलून बाजूला करा. तो तसाच राहिला तर परवानगी दिल्यानंतरही पोराला जुनीच प्रत दिसत राहते. लोक इथेच फसतात.

परवानगी: तेवढ्याच फोल्डरला

आधी फोल्डर कुठला ते ठरवा. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये 'डेटा पाथ' असा रकाना असेल तर सर्वात सोपं: डेटा सी ड्राइव्हच्या मुळाशी 'बिलडेटा' असा वेगळा फोल्डर करून तिथे न्या. सी च्या मुळाशी नव्याने केलेल्या फोल्डरात, मूळ मांडणी कोणी बदलली नसेल तर, लॉगिन केलेल्या सगळ्या खात्यांना लिहिता येतं. जुने हिशेबनीस 'प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नको, सी लाच टाक' म्हणतात त्यामागे हेच आहे, आणि म्हणूनच काही जुने प्रोग्रॅम आपणहून सी च्या मुळाशी बसतात आणि कधी कुरकुरत नाहीत.

पाथ बदलता येत नसेल तर प्रोग्रॅमच्या फोल्डरातल्या डेटाच्या उपफोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'सिक्युरिटी', 'एडिट', एकदा पासवर्ड, यादीत 'यूझर्स' निवडा, 'मॉडिफाय' ला टिक, ओके. 'फुल कंट्रोल' देऊ नका. त्याने परवानग्या बदलण्याचीही परवानगी मिळते आणि तिची बिलिंगला गरज नसते. 'एव्हरीवन' जोडायचंही कारण नाही.

अख्ख्या प्रोग्रॅमच्या फोल्डरला मॉडिफाय द्यायचा मोह होतो, कारण तो हमखास चालतो. पण मग मूळ ईएक्सई फाइलच, म्हणजे खुद्द प्रोग्रॅमच, कोणालाही बदलता येतो, आणि उद्या मालकाने तीच ॲडमिन म्हणून उघडली की बदललेल्या फाइलला अख्खं मशीन मिळतं. डेटा आणि ईएक्सई एकाच फोल्डरात कोंबलेले असतील तर निदान एवढं पाळा: तो प्रोग्रॅम पुन्हा कधीही ॲडमिन म्हणून उघडायचा नाही.

कुठे अडतंय ते कळतच नसेल तेव्हा प्रोसेस मॉनिटर हे हत्यार; प्रोग्रॅम कुठल्या फाइलीला हात लावतो ते ते दाखवतं. सिसइंटर्नल्सच्या फुकट हत्यारांपैकी एक, २००६ पासून मायक्रोसॉफ्टच्याच संस्थळावर मिळतं. प्रोसेस मॉनिटर ॲडमिन म्हणून उघडा, पण तपासायचा प्रोग्रॅम पोराच्या साध्या हक्कानेच चालवा. दोन्ही ॲडमिन म्हणून चालवले तर अडणार काहीच नाही आणि दिसणारही काही नाही. फिल्टर दोन: 'प्रोसेस नेम' इज आपल्या ईएक्सईचं नाव, आणि 'रिझल्ट' इज 'ॲक्सेस डिनाइड'. मग प्रोग्रॅममध्ये जे करताना अडतं नेमकं तेच करा. 'पाथ' च्या रकान्यात गुन्हेगार दिसतो. शंभर ओळी आल्या तरी घाबरू नका. बरेच प्रोग्रॅम लिहायची परवानगी मागून, नकार आल्यावर निमूटपणे नुसतं वाचून पुढे जातात. आपटायच्या आधीची शेवटची एक-दोन नावं महत्त्वाची.

पाथ फोल्डरऐवजी रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला, निघाला, त्यातही एचकेएलएम या सगळ्या मशीनच्या भागातल्या सॉफ्टवेअर शाखेतला, तर रेजएडिट हा रजिस्ट्री बदलायचा प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून उघडून फक्त त्या कंपनीच्या नावाच्या कीवर राइट क्लिक, 'परमिशन्स', यूझर्सना लिहायची मुभा. वरच्या शाखेला हात लावू नका.

आणि पाथमध्ये प्रोग्रॅमची स्वतःचीच ईएक्सई फाइल दिसली, तर तो दर वेळी स्वतःला अपडेट करू पाहतोय. परवानगी न देता ऑटो अपडेट बंद करा आणि महिन्यातून एकदा ॲडमिन खात्यावरून हाताने अपडेट करा. मच्छीमार सोसायटीसाठी १ जून ते ३१ जुलैचा बंदीचा काळ अशा कामांना उत्तम, आंबेवाल्यांसाठी मिरग लागल्यानंतरचा कुठलाही दिवस.

ढाल असलेला प्रोग्रॅम ॲडमिनशिवाय

तिसऱ्या कारणातला, आतूनच ॲडमिन मागणारा प्रोग्रॅम, चौकट न येता चालवून बघायची सोय विंडोजमध्ये आहे. नोटपॅडमध्ये दोन ओळींची बॅट फाइल (कमांडची यादी असलेली, .bat नावाने सेव्ह केलेली फाइल) करा. पहिली: सेट, जागा, मग सलग दोन अंडरस्कोअर, कॉम्पॅट, एक अंडरस्कोअर, लेयर, बरोबरचं चिन्ह, आणि रनॲजइन्व्होकर हा जोडशब्द, मध्ये कुठेही जागा न सोडता. दुसरी: स्टार्ट, दोन रिकामी अवतरणचिन्हं, मग अवतरणचिन्हांत ईएक्सईचा पूर्ण पाथ. सुरुवातीला एकच अंडरस्कोअर पडला की काहीच होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही.

याने प्रोग्रॅमला जास्तीचा एकही हक्क मिळत नाही. फक्त 'ॲडमिन दे' हे त्याचं मागणं दुर्लक्षिलं जातं. मागणं फुकाचं असेल तर प्रोग्रॅम सुरळीत चालतो, खरं असेल तर कुठेतरी अडतो, आणि कुठे अडला ते प्रोसेस मॉनिटरमध्ये दिसतं. दोन्हीकडून फायदाच.

रनॲज: लोकांचा आवडता, आणि घातक

रनॲज म्हणजे एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या खात्याच्या नावाने उघडायची कमांड. इंटरनेटवर पहिला सल्ला याचाच मिळतो. रनॲज, तिरकी रेघ, यूझर, मशीनचं नाव आणि ॲडमिन खातं, पुढे प्रोग्रॅम. त्याला 'सेव्हक्रेड' जोडलं की पासवर्ड एकदाच विचारला जातो आणि पुढे कायमचा साठवला जातो. पोरगा खूश, मालक खूश.

पण तो साठवलेला पासवर्ड त्या एका प्रोग्रॅमपुरता नसतो. पोराच्या खात्यावरून रनॲज सेव्हक्रेड लिहून कुठलाही प्रोग्रॅम त्या ॲडमिन खात्यात उघडता येतो, पासवर्ड न विचारता. चिठ्ठी मॉनिटरवरून कॉम्प्युटरच्या आत गेली एवढंच. आधीच केलं असेल तर पोराच्या खात्यात कंट्रोल पॅनेल, 'क्रेडेन्शियल मॅनेजर', 'विंडोज क्रेडेन्शियल्स' मध्ये जाऊन ती नोंद काढा आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला.

शिवाय रनॲजने बहुतेकांना हवं ते मिळतही नाही. विंडोजमधलं मूळचं 'ॲडमिनिस्ट्रेटर' खातं सोडलं, तर इतर ॲडमिन खात्यात रनॲजने उघडलेला प्रोग्रॅम त्या खात्याच्या छाटलेल्या हक्काने चालतो. खातं मालकाचं, हक्क साधेच. खरा ॲडमिन लागणारा प्रोग्रॅम तिथे त्रुटी ७४० देतो: या कामाला एलिव्हेशन, म्हणजे ॲडमिनचे पूर्ण हक्क, लागतं. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' आणि रनॲज एकच समजले जातात. ते एक नाहीत.

बाकीचे आकडे झटपट. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. १३२७ बहुधा तेव्हा येतो जेव्हा ॲडमिन खात्याला पासवर्डच नाही. रिकाम्या पासवर्डचं खातं रनॲजला चालत नाही. १०५८ म्हणजे 'सेकंडरी लॉगऑन' ही सेवा कोणीतरी डिसेबल केली आहे. आणि रनॲजमध्ये पासवर्ड टाइप करताना काळ्या खिडकीत तारेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो, टाइप करून एंटर मारा.

पासवर्ड बरोबर असूनही चुकतोय तर खालच्या कोपऱ्यात भाषा बघा. मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलेलं असतं आणि ठिपक्यांच्या आड देवनागरी अक्षरं जात असतात. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. कॅप्स लॉकच्या आधी हे तपासावं इतकं नेहमीचं आहे.

खरंच ॲडमिन लागतो तेव्हा

प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, घ्या. लेबल प्रिंटर अडकला, रांगेतलं काम 'डिलीटिंग' वर थांबलं, की स्पूलर सेवा थांबवून परत चालू करावी लागते आणि त्याला ॲडमिनच हवा. पावसाळ्यात लाइट मध्येच जाते तिथे हे वरचेवर होतं.

यासाठी टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेली कामं आपोआप चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम, वापरा. बॅट फाइलमध्ये तीन ओळी: नेट स्टॉप स्पूलर, सिस्टम३२ च्या स्पूल फोल्डरातल्या 'प्रिंटर्स' मधल्या फाइली डिलीट, नेट स्टार्ट स्पूलर. ही फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स' च्या आत वेगळ्या फोल्डरात ठेवा. सी च्या मुळाशी ठेवायची नाही, कारण वर पाहिलं तसं तिथलं कोणालाही बदलता येतं आणि ही फाइल तर सिस्टमच्या हक्काने चालणार आहे. मग टास्क: खातं 'सिस्टम' (विंडोजचं स्वतःचं, सगळे हक्क असलेलं खातं), 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस' ला टिक, ट्रिगर 'ऑन वर्कस्टेशन लॉक', ॲक्शन ही बॅट फाइल. आता प्रिंटर अडकला की पोराने विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची, पाच-दहा सेकंद थांबायचं, परत लॉगिन करायचं. पासवर्ड फक्त स्वतःचा. लॉक केल्यावर रांगेतली बाकीची प्रिंटही उडतात, हे त्याला सांगून ठेवा. चाळीस लेबलं छापत असताना चहाला जाताना लॉक करायचं नाही.

लॅपटॉप असेल तर त्या टास्कचा 'कंडिशन्स' टॅब उघडून 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ची टिक काढा. ती मुळातच लागलेली असते, त्यामुळे लाइट गेल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, टास्क चालत नाही.

याच पद्धतीने खिडकी असलेला प्रोग्रॅम पोरासाठी उघडायला जाऊ नका. सिस्टमच्या खात्यात सुरू झालेल्या प्रोग्रॅमची खिडकी पोराच्या पडद्यावर येतच नाही. टास्क 'रनिंग' दाखवत राहतो, समोर काही नाही. ही युक्ती न दिसता होणाऱ्या कामांसाठी: बॅकअप, सेवा चालू-बंद, घड्याळ लावणं.

एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर) फाइल बसवायची असेल आणि राइट क्लिकमध्ये 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' दिसत नसेल, तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून तिथे एमएसआयएक्झेक, तिरकी रेघ आय, मग फाइलचा पाथ. फाइल झेड ड्राइव्हवर असेल तर तिथे ती सापडणार नाही. दोन उलट्या रेघा, सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव असा पूर्ण पत्ता द्या, किंवा सरळ पेन ड्राइव्हवर घ्या. 'एनेबललिंक्डकनेक्शन्स' नावाची रजिस्ट्रीतली नोंद यावर रामबाण म्हणून सांगितली जाते. ती एकाच ॲडमिन खात्याच्या साध्या आणि चढत्या हक्कांना जोडते. पोराचा झेड ड्राइव्ह मालकाच्या खात्याला ती दाखवू शकत नाही.

दुरून मदत घेताना वेगळीच अडचण. मुंबईतला भाचा स्क्रीन शेअर करून मालवणच्या होमस्टेचं मशीन बघतोय, पासवर्डची चौकट आली की त्याच्याकडे काळा पडदा. ती चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर येते आणि साध्या हक्काने चालणाऱ्या शेअरिंगच्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही. शेअरिंगचा प्रोग्रॅम आधीच ॲडमिन खात्यावरून पूर्ण इन्स्टॉल केलेला आणि सेवा म्हणून चालणारा असेल तर प्रश्न येत नाही. ऐनवेळी सुरक्षित डेस्कटॉपच बंद करून टाकू नका.

चौकटच येत नाही, किंवा 'यस' करडं झालंय

पासवर्ड न विचारता थेट नकार मिळत असेल तर धोरणात बदल झालाय. प्रो आवृत्तीत 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी', 'सिक्युरिटी ऑप्शन्स', 'बिहेवियर ऑफ द एलिव्हेशन प्रॉम्प्ट फॉर स्टँडर्ड यूझर्स' इथे 'ऑटोमॅटिकली डिनाय' निवडलेलं असेल. ते 'प्रॉम्प्ट फॉर क्रेडेन्शियल्स' करा. होम आवृत्तीत ही खिडकी नाही. रजिस्ट्रीत 'कन्सेंटप्रॉम्प्टबिहेवियरयूझर' ची किंमत ० असते ती ३ करायची.

'यस' करडं आणि पासवर्डचा रकानाच नाही, तर मशीनवर चालू ॲडमिन खातं उरलेलं नाही. मालकाने स्वतःचं एकुलतं एक खातं साधं करून टाकलं की असं होतं. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट, 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', रीस्टार्ट, मग ४ दाबून सेफ मोड. दुसरं कुठलंही चालू ॲडमिन खातं नसेल आणि मशीन डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कमध्ये, नसेल, तर एरवी बंद असलेलं मूळ 'ॲडमिनिस्ट्रेटर' खातं सेफ मोडमध्ये लॉगिनला मिळतं. तिथे जाऊन नवं ॲडमिन खातं तयार करा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, त्यामुळे वाटेत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते का ते शिफ्ट-रीस्टार्ट करायच्या आधी फोनवर बघून कागदावर उतरवून घ्या.

ही वेळ येऊ नये म्हणून खाती बदलताना क्रम असा: आधी 'देखभाल' किंवा तशा नावाचं नवं स्थानिक ॲडमिन खातं, त्याला पासवर्ड. मग साइन आउट करून त्या खात्यावर प्रत्यक्ष लॉगिन. तिथून एखादा प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून उघडतो का ते बघा, पासवर्ड शेडपासून दूर घरच्या वहीत लिहा, आणि त्यानंतरच रोजचं खातं साधं करा.